‘उतरला’ म्हणू नगंस

चहा घे गड्या, पण विंचू ‘उतरला’ असं माझ्यापुढं म्हणू नगंस.

कुंडलला आमच्या चुलत्यास्नी, तात्यास्नी, उसात तांबडा विंचू चावला. अंगारा लावला, कळ थांबली. “उतरला!” म्हणून आमी सगळ्यांनी चहा घेतला. तात्या मात्र घामानं निथळत हुते, हातपाय गार.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “कळ थांबली, विष आतच आहे. नसांना सोडियम आत घ्यायची दारं असतात. विषानं ती उघडीच धरलीत. नसा इशारे द्यायच्या थांबेनात, हृदय त्यांच्यामागं धावून दमलंय.”

काकू म्हणाली, “आवं, मग लावा की ती दारं!”

तात्या गेले.

काकू अजून घराचं दार लावत न्हाई. म्हणती, “जी दारं लागायची हुती, ती कुठं लागली?”