मला न्हाई हां, मेंढीला!

...दोन शब्द बोला म्हणे! आवो, दोन शब्द बोलायला मी काय पुढारी हाय का? आन् बोलायला अंगात जीव तर पायजे! रातभर ही पोरगी गळ्यात, सकाळी धुण्याचा ढीग, मग मांडवगणवरनं शिरूरची एसटी, तीबी उभ्यानं, आन् हितं दवाखान्यात पाय ठेवला न् ठेवला तवर डॉक्टर करुणा मॅडमनी हातात माईक दिला. "प्रतिभाताई, स्तनपान सप्ताह आहे ना, तुमचा अनुभव सांगा, बायकांना हुरूप येईल." हुरूप! माझ्या तोंडाकडं बघा जरा. हे तोंड बघून कुणाला हुरूप येतोय? बसा, मागच्या बायांनो, खाली बसा, हे दोन शब्दात उरकणारं न्हाई. ही झोपलीय तवर सांगते. उठली की माईक खाली, आधीच सांगून ठेवते.

तर तुम्हाला सांगते, आमचं घर धनगराचं. सासरे भैरूमामा. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणायचं आन् सासूला आत्या. मामांचा सगळा जलम मेंढरामागं गेला, आता शेताला पाणी आलं, ऊस झाला, कळप इकला, पण चार मेंढ्या अजून दारात. का? तर करमत न्हाई! आन् मामांचं आणखी एक हाय. सुनेशी बोलायचं न्हाई. भांडण न्हाई हां, रुसवा न्हाई, जुनी रीत... सुनेचा मान राखायचा म्हणून बोलायचं न्हाई! मी लग्न होऊन आले तवापासनं माझ्याशी एक शब्द न्हाई. मग घरात चालायचं कसं? तर त्यांनी वाट काढली. च्या पायजे असला की अंगणात बांडीजवळ जाऊन उभं ऱ्हायचं. बांडी म्हंजी आमची काळीपांढरी मेंढी. आन् मोठ्यानं म्हणायचं, "काय गं बांडे, आज चुलीला धूर दिसंना!" आता बांडी काय च्या करणार व्हय? मी उठायचं, मी आधण ठेवायचं. पण बोलले कुणाला? मला न्हाई हां, मेंढीला!

बरं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, राहू गावाला. तर माझ्या आईनं ऐन टायमाला गोठ्यात पाय घसरून मोडून घेतला. म्हणून सगळं सासरीच आलं. हितं ह्याच दवाखान्यात झाली ही हर्षदा. मॅडमनी जलमल्या जलमल्या माझ्या छातीवर ठेवली आन् आत्यांना बजावलं, "गीताबाई, पहिला पिवळा चीक बाळाला मिळालाच पाहिजे, दुसरं काही द्यायचं नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही." आत्या म्हणल्या, "व्हय व्हय." तुम्ही आमच्या आत्यांचं 'व्हय व्हय' ऐकलं न्हाई. त्याचा अर्थ, ऐकलं, आता आम्हाला घरी जाऊ द्या.

घरी आलो. बाजेवर टेकते न टेकते तवर आत्यांनी फडकं घेतलं आन् चीक पिळून पुसून टाकला की हो! "पिवळं दूध जड असतं, लेकराला बाधतं. माझ्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनं बी." आन् हिला काय? कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी. मी पडले पहिलटकरीण, अंगात उठून बसायचं त्राण न्हाई, काय बोलणार? आन् गंमत ऐका. त्याच सकाळी अंगणात बांडी व्याली! कोकरू काय उभं ऱ्हाईना, मामांनी हाक मारली, आन् आत्या ते फडकं तसंच हातात घेऊन पळाल्या. कोकराचं तोंड धरलं, बांडीच्या आचळाला लावलं, वर ओरडतायत, "चीक पाजा, आधी चीक पाजा, चीक पोटात न्हाई गेला तर कोकरू हातचं जायचं!" तीच बाई! त्याच हातानं! मी खिडकीतनं बघतेय. आत आल्या तवा मी म्हणलं, "आत्या, कोकराला चालतो, मग हिला का न्हाई चालत?" तर म्हणल्या, "आगं ते जनावर हाय. आपण माणसं हाय." घ्या! झालं!

तेवढ्यात बाहेरनं मामांचा आवाज, चांगला खणखणीत. "बांडे, तुझं नशीब मोठं बाई. तुला सासू न्हाई!" आत्यांनी तांब्या आपटला. मामा पुढं बोलतायतच, "तुझा चीक कुणी पुसत न्हाई. पाज, कोकरू हटलं तरी फिरून लाव, हटलं तरी फिरून लाव." मला न्हाई हां, मेंढीला!

पण मेंढीला कळून काय उपयोग? हिचं पोट गुळाच्या पाण्यानं भरलेलं, ही झोपलेली. ही ओढंना म्हणून माझं अंग दगडावानी भरून आलं, ताप चढला, हात लावू देईना. आन् तशात बघायला येणाऱ्या बायका! येतेय ती पदर सावरत बाजेवर बसतेय आन् इचारतेय, "दूध पुरतंय का गं?" आवो, आधी मी जिवंत हाय का ते तर इचारा! कुणी अळिवाची खीर आणली, कुणी डिंकाचे लाडू, कुणी कसली मुळी उगाळून आणली. खाऊन खाऊन माझंच पोट नगाऱ्यासारखं. शेजारच्या धुरपदा काकी तर पोरीकडं न बघता माझ्याकडंच बोट दाखवून म्हणल्या, "हिच्या आईलाबी दूध नव्हतं म्हणं." माझ्या आईला? पाच पोरं वाढवली तिनं, ती काय हवेवर वाढली व्हय? पण बाळंतिणीनं भांडायचं न्हाई. दूध आटतं म्हणं. न भांडताबी आटतंच होतं की माझं!

मग आमचे मालक, मल्हार. रांजणगावला कंपनीत हायेत. माणूस चांगला, पण आईनं सांगितलं की इचार करायचा न्हाई. येताना शिरूरातनं पावडरचा डबा आन् बाटली घेऊनच आले. डब्यावर एक गुटगुटीत गोरं पोर, गालाला खळी. ते बघून आत्या भुलल्याच. जणू डबा संपला की आतनं तसलं पोर निघणार! बाटली सुरू झाली. बाटलीतनं कसं, तोंड लावलं की धार. माझ्याकडं ओढायचं म्हंजी कष्ट. पोरगी हुशार, तिनं बाटली धरली, मला सोडलं. मी जवळ घेतली की पाठ वाकडी करून रडायची. स्वतःच्या लेकरानं असं तोंड फिरवलं की काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगू... तुम्हीबी आयाच हायसा.

आन् मग तिला लागले जुलाब. हे मातर मी हसत सांगू शकत न्हाई. डोळे खोल गेले, टाळू खाली बसली, रडायचा आवाजसुद्धा येईना. एसटीची वाट बघायला सवड न्हाई, दुधाच्या टेम्पोत बसून आलो ह्याच दवाखान्यात. एवढासा हात, त्याला सलाईन. मला वाटलं, गेली माझी पोरगी, माझ्याच अंगात काय न्हाई म्हणून गेली. मॅडम आल्या, बाटलीला नाक लावलं. "कोणी सुरू केली ही?" आम्ही सगळे खाली बघतोय. वाचली, मॅडमनी वाचवली. आन् मग मला समजावत बसल्या. बाटली बंद, अगदीच लागलं तर वाटी-चमचा, बाळ उघडं छातीशी धरा, सारखं सारखं लावा, जेवढं ओढेल तेवढं दूध येईल. म्हणल्या, "हे नुसतं आजच्या जुलाबापुरतं नाही, प्रतिभाताई. अंगावर पाजलं की तुमची गर्भाची पिशवी लवकर आकसते, रक्त कमी जातं, पुढे छातीच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, मधुमेहाचा कमी होतो, बाळाचीही पुढची तब्येत चांगली राहते, अगदी मोठेपणीपर्यंत." मी म्हणलं, मॅडम, मी आज संध्याकाळपातूर टिकते का न्हाई ते बघतेय, आन् तुम्ही माझं म्हातारपण काढलंय!

घरी आलो. आत्या मॅडमना काय म्हणल्या होत्या? व्हय व्हय. आन् डबा कुठं? फळीवरच!

तवा मामांनी मनावर घेतलं. सकाळी उठून बघते तर माझ्या खोलीच्या दारापुढंच अंगणात खुंटा रोवून बांडी बांधलेली, कोकरासकट. व्यालेल्या मेंढीच्या कोकराजवळ परकं माणूस गेलं की ती कशी धडक मारते ठाऊक हाय ना? धुरपदा काकी लाडू घेऊन आल्या, लाडू अंगणात, काकी तुळशीपाशी! गर्दी बंद झाली. आन् मामांची शाळा सुरू. "बांडे, कोकरू न् आई एकाच कोपऱ्यात पायजे, बाकीची मेंढरं लांब." बरं. "बांडे, कोकरू मागतंय तवा पाजायचं, घड्याळ बघायचं न्हाई." बरं. हे मॅडमनीच सांगितलेलं. पण मधीच, "बांडे, मिठाचा खडा चाटत जा." आता मी मीठ चाटू व्हय? "बांडे, तुझं कोकरू जलमल्या दिशी उभं ऱ्हायलं, काही काहींची अजून मानबी धरत न्हाईत." आवो मामा, माणसाचं हाय ते! पण मी कसं बोलू? रीत हाय. मग मीबी आतनं हिलाच सांगायची, "हर्षदा, तुझ्या आज्ज्याला सांग बाई, तू चालशील, वरीसभर दम धरा." असा आमचा सासऱ्या-सुनेचा संवाद. ते मेंढीशी, मी पोरीशी, आन् मधी आत्या कपाळाला हात लावून.

तरी एका संध्याकाळी माझा धीर सुटला. ही रडतेय, धरत न्हाई, सोडतेय, पुन्हा रडतेय, माझ्या स्तनाला चिरा पडलेल्या, डोळ्यातनं पाणी. आत्यांनी फळीवरचा डबा काढला. आन् खरं सांगते, मीच म्हणलं, "द्या आत्या, द्या ती बाटली. मला न्हाई हुत. माझ्यात दूधच न्हाई." पाणी उकळायला ठेवलं. तर अंगणातनं मामा, मोठ्यानं, "बांडे! आजच्या दिस धीर धर! कोकरू रडतंय तवा तुला पाझर फुटतोय, म्हंजी दूध हाय! आटलेल्या मेंढीला पाझर फुटत न्हाई! आज बाटली दिलीस तर..." आत्या फणकारल्या, दार उघडून म्हणल्या, "आवो, बांडी हाय कुठं? आज सुट्टी म्हणून मल्हार रानात घेऊन गेलाय! खुंट्याशी बोलताय व्हय?"

मी आतनं बघतेय, मोकळा खुंटा, नुसतं दावं पडलेलं, आन् मामा तिथं उभे. मला वाटलं, आता जातील मुकाट्यानं. तर आले की दारापातूर. पटका सारखा केला, माझ्याकडं पाठ केली, तोंड भिंतीला लावलं आन् म्हणले, "प्रतिभा." माझं नाव! त्यांच्या तोंडून पहिल्यांदा! "मेंढी न्हाई हितं. तुलाच सांगतोय. तुझ्यात दूध हाय, पोरी. तू आटलेली न्हाईस, दमलेली हायस." मग आत्यांना म्हणले, "गीता, तू तिला भाकरी दे, पोरीचं दुपटं धू, डबा मला दे." आन् आत्यांनी दिला की! माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आन् त्याच रडायला लागल्या. "माझाबी चीक असाच पुसला होता गं. मला काय म्हाईत?" मी ढसाढसा रडले. दोघी रडतोय, तिसरी तर रडतच होती. आन् त्या रडण्यातच हिनं मला धरलं. धरलं ते सोडलंच न्हाई. तवापासनं आजपातूर सोडलेलं न्हाई, बघताय नव्हं तुम्ही, झोपेत बी तोंड चालूच हाय!

तर पान्हा फुटला, पोरगी बाळसं धरून बसली, सगळं झ्याक झालं. टाळ्या नका वाजवू, उठंल ती. माझं गाऱ्हाणं पुढं हाय. मामांचं तोंड सुटलं! इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं आता माझ्यावर. "प्रतिभा, उठलीस का? प्रतिभा, पाजलंस का? प्रतिभा, दोन्ही बाजूनी पाजलंस का?" आवो, सासऱ्यानं इचारायचं हाय का हे? भाकरी थापायला बसले की, "प्रतिभा, पाजत ऱ्हा, मॅडम म्हणल्यात तुला जलमात साखर हुणार न्हाई." मी म्हणते, मामा, धोका कमी हुतो म्हणल्या मॅडम. "तेच गं ते, पाज!" पाणी भरताना बोलणं, धुणं धुताना बोलणं, आता एसटीत शिरूरपातूर बोलणं. ते बघा, दारात उभे हायेत, शिपाईभाऊंना चीक समजावून सांगतायत.

आन् मागच्या बाजाराला बांडी इकून टाकली. मला लई वाईट वाटलं. मी म्हणलं, मामा, चांगली मेंढी, का इकली? तर म्हणले, "आता तिचं काय काम? बोलायला तू हायस की."

सुटली बिचारी. तिला निदान गिऱ्हाईक तरी मिळालं.