नाचातली एका माणसाची जागा

बोतोशानी शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आगलाया बिघडलेली किटली परत द्यायला रांगेत उभी होती. पुढे एक बाई लॅपटॉपवरून विक्रेत्याशी हुज्जत घालत होती.

"मावशी, लग्नाचा व्हिडिओ कापायला हा स्वस्तातला पुरे."

"कापायचं कुणाला आहे? एक काका जरी कापला, तर जन्मभर बोलणार नाही."

"मग एडिटिंग कशाला?"

"माणूस घालायचाय. माझा पोरगा स्पेनमध्ये टोमॅटो तोडतो, बहिणीच्या लग्नाला सुट्टी नाही मिळाली. म्हणून हात धरून गोल नाचताना आम्ही त्याची जागा सोडली. इकडे माझा हात हवेत, तिकडे नवरीचा. पाहुणे म्हणाले, म्हातारीला चढलीय."

"आणि तो?"

"तिकडे आमचंच गाणं लावून, हात पसरून एकटा नाचला. मुकादमानं शूट केलं."

विक्रेत्यानं तो लॅपटॉप मिटला आणि वरच्या फळीवरचा काढला.

"हा दमदार आहे. व्हिडिओ आणलेत?"

"हे काय, दोन्ही पेनड्राइव्हवर आहेत. बसतोय का बघ."

रांग थांबली होती. आगलायानं मान पुढे काढली. विक्रेत्यानं पडद्यावर पोराला मोकळ्या जागेत बसवून पाहिलं.

"मावशी, पोरगा उंच आहे. त्याचा हात तुमच्या हाताच्या बराच वर येतोय."

"गेला तेव्हा माझ्याएवढाच होता रे. त्याच अंदाजानं धरला मी हात. आता मलाच उचल थोडी. दमदार आहे म्हणतोस ना?"