रिकाम्या तराजूचा काटा

दंतवैद्यांच्या प्रतीक्षालयात माझ्या मागील बाकावर एक भगिनी आणि तिचा धाकटा बंधू मंद स्वरात बोलत होते.

“ताई, मागे काहीच न फेकता अवकाशयान पुढे जाईल, असं दाजी म्हणतात. वल्ही न मारता होडी चालते होय?”

“मलाही पटत नाही रे. पण ह्यांचं यंत्र तराजूवर ठेवून सुरू केलं की काटा हलतो म्हणे. त्यापायी हे प्रयोगशाळेतली नोकरी सोडायला निघालेत. तू तिथेच कामाला आहेस, तू समजाव.”

“विजेच्या तारा तापून काटा ओढत असतील, म्हणून काल मी तारा काढल्या.”

“मग?”

“काटा हललाच.”

“म्हणजे ह्यांचं खरं?”

“मग यंत्रही उतरवलं, ताई. रिकामा तराजू तसाच झुकला. कुणी बोट ठेवावं तसा.”

“अगं बाई! ह्यांना सांगितलंस?”

“नाही. सोडू देत नोकरी. त्या तराजूच्या खोलीत त्यांनी पुन्हा जायला नको.”

“आणि तू?”

“मी सकाळीच राजीनामा दिला.”