मधात टोकणारा माणूस

चहा थंडा होऊ देऊ नका, पण आमच्या बालाघाटच्या इतिहास मंडळाची ही गोष्ट ऐकाच.

साहेब मूळचे वारासिवनीचे, बरेच वर्ष दिल्लीत मंत्री होते. मंडळाचा सचिव म्हणून मी त्याइले व्याख्यानाचं आमंत्रण धाडलं. उत्तर आलं, "भाषण नाही देत, बसून गोष्टी करीन. फक्त मधात टोकाले एक माणूस पाहिजे. टपरीवर माझा दोस्त मले एक वाक्य पुरं करू देत नव्हता. तो गेला, तवापासून सारे माझं मुकाट्यानं ऐकतात."

आमच्या मंडळात प्रश्न शेवटी, तेही चिठ्ठीवर. मंग काय, बैठक घेतली, ठराव केला अन् मधात टोकायच्या कामावर रिटायर प्रोफेसर देशकर सरांची नेमणूक केली. साहेबाइले तसं कळवलं. त्याइनं लिहिलं, "देवा रे! बरं, येतो."

आले, सतरंजीवर बसले. लहानपणी हट्टा गावच्या बावडीत मारलेल्या उडीची गोष्ट रंगात आली, तेवढ्यात देशकर सर हात जोडून उभे राह्यले.

"अध्यक्षांची परवानगी असेल, तर मी आता माननीय साहेबांना टोकू का?"

साहेब पोट धरून हासले. मंग चष्मा काढून पुसत राह्यले.

"बसा सर," म्हणाले. "माझा दोस्त म्हणे, 'चूप बे, काहून खोटं सांगतं?'"

उरलेली गोष्ट सांगतांना साहेब दर वाक्य अर्धं सोडून जरासे थांबत. अन् आम्ही सारे आदरानं माना डोलवत होतो.