घुंई घुंई

तपासणीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी फ्रिज दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणि त्याची बायको बसले होते.

“वाजतोय कान आणि तपासायची मान! दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला.”

“मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, म्हणून कानात घुंई घुंई होत असेल, असं डॉक्टर म्हणाले ना?”

“असेल, असेल! मी गिऱ्हाइकाला असं बोललो तर तो चप्पल काढेल.”

“तुम्ही तर बोलूच नका. कान तुमचा वाजत होता आणि कॉम्प्रेसर फ्रिजचा बदललात.”

“जुना झाला होता तो.”

“मग फ्रिज बंदच करून ठेवलात. सगळं दूध नासलं.”

“तरी आवाज येतच होता, म्हणून तर शेजाऱ्यांचा फ्रिज उघडून बघितला.”

“न विचारता! बिचारे जेवत होते.”

“अगं, नळी आतून चोंदली की गॅस अडकत अडकत जातो, तेव्हा अस्साच आवाज...”

“बोला ना. का थांबलात?”

“काही नाही.”

“अशा वेळी गिऱ्हाइकाला काय सांगता?”

“दुरुस्तीत अर्थ नाही, नवा घ्या म्हणतो.”

“या वयात नवा कुठे शोधू मी? उठा, तुमचा नंबर आला.”