बोटानं न बसलेल्या गाठी

नाक-कान-घशाच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या मोनिकानं मान वळवली नाही, पण तिचे कान मागच्या बाकावरच होते.

“कडूमावशी, तुम्ही इथं? सारं गाव लेकरांच्या घशातल्या गाठी दाबून घ्यायला तुमच्याकडं येतंय की!”

“नातीला आणलंय, आशा. ऑपरेशन सांगितलंय.”

“चार वर्षांच्या पोरीला? आन् तुम्ही व्हय म्हणल्या?”

“म्हणले.”

“तुमच्या बोटानं माझ्या अमृताला लगेच गुण आला होता. हिच्या बी दाबायच्या.”

“तीनदा दाबल्या. पण ही माझ्या कुशीत झोपती. झोपंत हिचा श्वास मधीच थांबतो, मंग दचकून उठती. तुझ्या अमृताला झोपलेलं मी कधी पाहिलंच नाय.”

“अमृता बी लई घोरती, मावशी.”

“मंग तिचा बी नंबर लाव.”