सासूबाईंचं दुसरं बटण

चहा निवू द्या जरा, आधी हे ऐका. आमची शेजारीण सुनंदा ग्रामपंचायतीला उभी राहिली आणि तिच्या सासूनं अबोलाच धरला. "मी त दुसरीलेच मत देईन," असं म्हातारी नळावर सगळ्यांना सांगायची. ते ऐकून सुनंदा नळावर जाईनाशी झाली.

मतदानाला सासू पुढे, रांगेत मागे मी आणि सुनंदा. आमच्या वॉर्डात जागा दोन, म्हणून बटणं दोन दाबायची, तेव्हाच मशीन वाजतं. म्हातारी एकच दाबून निघाली. मतदान घेणारे साहेब म्हणाले, "आजी, अजून एक दाबा. नाहीतर मत पडणार नाही."

"दुसरं काऊन दाबू? मी त फक्त माह्या सुनेले मत द्याले आली!"

"आजी, नाव सांगायचं नसतं!" साहेब ओरडले, पण तोवर सगळ्या रांगेनं ऐकलं होतं. म्हातारीनं दुसरं बटण दाबलं, मशीन वाजलं आणि माझाच जीव भांड्यात पडला.

सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "वैनी, आता मी हारली तरी चालते."

"तुले चालन व," मी म्हटलं, "पंधरा दिवस तुह्या प्रचारात मी घरोघरी फिरली, मले नाई चालत!"